वेणीच्या विणीची टोपी

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या हिवाळी शिबिरात नंदुरबार जिल्ह्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती खात्याचा माणूस व्यासपीठावर आला की त्याच्या हाती एखाद्या योजनेचे पत्रक असणार, असा आपला समज असतो आणि तो बहुधा खराही ठरतो. गेली एकोणीस वर्षे मी हेच करीत आलो आहे. आज मात्र माझ्या हाती पत्रक नाही. ही एक लोकरीची टोपी आहे. ती मी स्वतः विणली आहे. आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले हसू मला येथून दिसते आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. ही टोपी मी पहिल्या रांगेकडे देतो. ती हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या आणि प्रत्येकाने ती उलटसुलट करून पाहावी. तिच्यात एक चूक आहे. ती कोणाला सापडते ते शेवटी पाहू.

माझी या भागात बदली झाली तेव्हा मुलांच्या शाळेमुळे कुटुंब मागेच राहिले. ही स्थिती आपल्यातील अनेक शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या परिचयाची आहे. दिवस कामात जातो. प्रश्न असतो संध्याकाळचा. कार्यालयाला कुलूप लागले की खानावळीत जेवायचे आणि खोलीवर येऊन मोबाइलच्या पडद्यावर अंगठा फिरवीत बसायचे. रात्री बारा वाजता ध्यानात येई की आपण तीन तासांत काहीही पाहिलेले नाही, काहीही वाचलेले नाही, आणि झोप मात्र गेली आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. एके काळी कवितासंग्रह विकत घेणारा माणूस. पुस्तक उघडले की दोन पानांवर मन ठरेनासे झाले होते. हे मी कोणाजवळ बोललो नाही. अशा गोष्टी पुरुषमाणसे सहसा बोलत नाहीत.

माझ्या घरमालकीणबाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. त्या ओसरीवर विणत बसत. खानदेशातील पौषाची थंडी आपण जाणताच. मी शाल गुंडाळून खुर्चीत मोबाइल घेऊन बसलेला असताना त्या एकदा म्हणाल्या, "साहेब, बातम्या पाहून थंडी जात नाही. या सुया धरा." मी म्हटले, "बाई, मला हे कसे जमणार?" त्यावर त्यांनी दिलेले उत्तर शिक्षकांनी ऐकण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, "पहिलीतल्या पोराला मी 'कसे जमणार' हे शब्द वर्गात बोलू देत नसे."

बाई विणकाम कधी शिकल्या, ही हकीकतही ऐकण्याजोगी आहे. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, त्या वेळी त्या शाळेत होत्या. सीमेवर हिमालयाच्या थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभर स्त्रिया व मुली लोकरीचे कपडे विणीत होत्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यामुळे महाराष्ट्रातील घराघरांत या संकटाची जाण अधिकच तीव्र होती. बाईंच्या वर्गातील मुलींना मोजे विणण्याचे काम मिळाले होते. त्यांचा पहिला मोजा एवढा मोठा झाला की त्यात जवानाचे दोन्ही पाय मावले असते, असे त्या आजही सांगतात. तो उसवून त्यांनी पुन्हा विणला. ज्या हातांनी तो मोजा विणला, त्याच हातांनी साठ वर्षांनंतर माझ्या हाती सुया दिल्या.

येथे एक खुलासा करतो. 'विणकाम' म्हटले की आपल्याला हातमाग आठवतो. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घ्यायचा. तो तिसऱ्यासाठी वाट करून ठेवतो. म्हणूनच हे कापड ताणले जाते आणि सोडले की पूर्ववत होते. फासांमध्ये हवा अडकून राहते, आणि खरी ऊब त्या हवेची असते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतका दमटपणा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, हा तिचा आणखी एक गुण. आपल्या गावातील दुकानांत 'लोकर' म्हणून जे मिळते ते मात्र पुष्कळदा ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतो. तो वाईट नाही. स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो आणि शिकण्यासाठी उत्तम. पण आपण काय घेतो ते ठाऊक असावे. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवून पाहा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. आगीपासून मुलांना दूर ठेवून, हे सांगायला नकोच.

टाके मूळ दोनच: सुलट आणि उलट. आणि तेही खरे पाहता एकाच टाक्याच्या दोन बाजू. पुढून जो सुलट दिसतो तो मागून उलट दिसतो. एवढ्या दोन अक्षरांच्या मुळाक्षरांतून सगळी विणकामाची भाषा निघालेली आहे. पहिले पंधरा दिवस मी फक्त पट्ट्या विणल्या आणि उसवल्या. हात घट्ट होता, टाका सुईवर सरकत नसे. बाई म्हणत, "धागा काही पळून जाणार नाही, एवढा आवळता कशाला?" पुढे मला कळले की मी लेखणीही तशीच आवळून धरतो.

मग वेणीची वीण आली. इंग्रजीत हिला केबल म्हणतात. केबल म्हणजे जहाजाचा पिळदार दोरखंड. आपल्याकडील बायकांनी तिला वेणी हे नाव दिले आणि मला ते अधिक समर्पक वाटते. पाहणाऱ्याला ही वीण अतिशय अवघड वाटते. प्रत्यक्षात तिच्यात टाका नवा नाहीच. टाक्यांनी केवळ जागा बदलायची असते. सहा सुलट टाक्यांची एक उभी पट्टी घ्या, तिच्या दोन्ही अंगांना उलट टाके ठेवा. उलट टाके मागे दबतात, म्हणून मधली पट्टी आपोआप उठून दिसते. आता या सहांपैकी पहिले तीन टाके न विणता एका जादा छोट्या सुईवर काढून पुढे लोंबते ठेवायचे, पुढचे तीन विणून घ्यायचे, आणि नंतर लोंबते तीन विणायचे. झाला पीळ. जादा सुई पुढे ठेवली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे ठेवली तर उजवीकडे. पुढच्या सात ओळी काहीच करायचे नाही, समोर टाका जसा दिसेल तसा विणायचा. आठव्या ओळीला पुन्हा पीळ. जादा सुई नसेल तर शेंगदाणे विकणाऱ्याच्या पुडीसारखे काहीही वापरू नये. पण झाडूची गुळगुळीत काडी चालते, हे मी अनुभवाने सांगतो.

ज्यांना ही टोपी करून पाहायची असेल त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी मध्यम जाडीची, म्हणजे डबल निटिंगची शंभर ग्रॅम लोकर पुरते. १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या सुयांवर ११२ टाके घालावेत आणि दोन सुलट दोन उलट अशा बारा ओळींची काठाची पट्टी विणावी. नंतर दर सात टाक्यांमागे एक टाका वाढवावा. सोळा वाढतात, १२८ होतात. आता ८ नंबरच्या, चार मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीसाठी सोडला की उरतात १२६. तीन उलट आणि सहा सुलट मिळून नऊ. नऊ चोक छत्तीस करीत गेलात तर चौदा वेण्या बरोबर बसतात. आपण विचाराल, टाके वाढवायचे कशाला? वेणी घातली की केस आखूड दिसतात, तसे पिळाने कापड आक्रसते. वाढवलेले टाके पिळाने खाऊन टाकायचे असतात. हे न केल्यामुळे माझी पहिली टोपी बाईंच्या पाच वर्षांच्या नातवाला बसली.

टोपी साधारण सतरा सेंटिमीटर उंच झाली की माथा आवळण्यास आरंभ करावा. आधी तीन उलट टाक्यांचे दोन, पुढे एकाआड एक ओळ साधी सोडून दोनाचा एक. मग वेणीच्या सहा टाक्यांचे दोन-दोन एकत्र विणून तीन. १२८ चे ११४, ११४ चे १००, १०० चे ५८. शेवटी सगळे दोन-दोन एकत्र विणून २९ टाके राहतात. त्यांतून धागा ओवून ओढला की माथा मिटतो. मागची शिवण घातली की टोपी तयार. हे आकडे मी मुद्दाम सांगितले. पाढे आणि भागाकार मुलांना कशासाठी लागतात असे विचारणाऱ्या पालकांना हे सांगता येईल. आणखी एक कोडे शिक्षकांसाठी: एका वेणीला दर सहाव्या ओळीला पीळ आहे आणि शेजारच्या वेणीला दर आठव्या, तर दोन्ही पीळ एकाच ओळीत केव्हा येतील? चोविसाव्या. लघुत्तम साधारण विभाज्य फळ्यावर शिकताना ज्याला कळला नाही, त्याला तो या दोन वेण्यांत डोळ्यांनी दिसतो. मला तरी तो वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी येथेच प्रथम दिसला.

आता चुकीविषयी. माझ्या या टोपीत तिसऱ्या वेणीचा एक पीळ उलट दिशेला गेला आणि ते माझ्या ध्यानात आले तेव्हा वर वीस ओळी विणून झाल्या होत्या. वीस ओळी म्हणजे अडीच हजारांवर टाके. मी सुया खाली ठेवल्या. दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, तेव्हा मी सांगितले की सगळे उसवावे लागणार. त्या म्हणाल्या, "एका पोराचे गणित चुकले म्हणून सगळा वर्ग पहिल्या पाठाला नेता का?" आणि त्यांनी मला काय करायचे ते दाखवले. चुकलेल्या वेणीचेच सहा टाके सुईवरून सोडायचे आणि तेवढेच त्या ओळीपर्यंत उसवू द्यायचे. बाकीचे टाके सुईवर सुखरूप असतात. मध्ये एक शिडी दिसू लागते, वीस आडव्या धाग्यांची. मग पीळ योग्य दिशेने घालून, शिडीची एकेक पायरी क्रोशाच्या सुईने उचलीत वर यायचे. मला त्याला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी श्वास रोखून बसलो होतो आणि मोबाइल दोनदा वाजल्याचे मला नंतर कळले. कित्येक महिन्यांत माझे मन एका जागी एवढा वेळ राहिले नव्हते.

मित्रहो, छंदाचा आनंद म्हणजे काय याची मला तेव्हा जी ओळख झाली ती तुमच्यापुढे ठेवावी, एवढ्यासाठीच मी हा विषय निवडला. हात गुंतलेले असतात, मन मोकळे असते आणि तरीही भरकटत नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर उभी असते. काल केलेले आज हातात दिसते. आपल्या कचेरीच्या कामात हे क्वचितच घडते. आपण पाठवलेले टिपण कोठे जाते आणि त्याचे काय होते, ते आपल्याला सहसा कळत नाही.

ही टोपी मी सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांसाठी विणली. त्यांना दिली तेव्हा ते म्हणाले, "हे बायकांचे काम तू केव्हापासून करायला लागलास?" मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तसे धनगर पुरुषच सूत काततात म्हणा. मेंढरांमागे चालता चालता." त्यांच्या बालपणी दिवाळीनंतर शेतात मेंढरे बसवीत, ते दृश्य त्यांना आठवले असावे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, तिची टोपी डोक्याला बोचेल. पण तिचे घोंगडे चिंचोक्याची खळ पिऊन असे कडक होते की पाऊस त्यावरून ओघळून जातो. ते सूत कातणारे हात पुरुषांचेही आणि स्त्रियांचेही. दूर फ्रान्समध्ये लांद नावाच्या दलदलीच्या प्रदेशात जुन्या काळी मेंढपाळ उंच लाकडी पायांवर उभे राहून कळप राखीत, आणि उभ्याउभ्या मोजे विणीत. हे बायकांचे काम, ही समजूत त्यामानाने बरीच अलीकडची दिसते. वडील यंदा पौष-माघात रोज पहाटे हीच टोपी घालून डेअरीवर गेले. आजच्या शिबिरासाठी मी ती चार दिवसांच्या बोलीवर मागून आणली आहे.

आता जरा अवघड भागाकडे वळतो. येथे पंचायतींचे सदस्य बसले आहेत. माझे बोलणे ऐकताना त्यांच्यापैकी काहींच्या मनात एव्हाना आले असेल की आपल्या गावात महिलांसाठी विणकामाचा वर्ग काढावा, त्यांना रोजगार मिळेल. मला येथेच थोडे थांबून बोलावयाचे आहे, कारण या बाबतीत मी स्वतः अपराधी आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना मी अशाच एका वर्गाच्या उद्घाटनाची बातमी लिहिली होती. 'ग्रामीण महिलांना रोजगाराचे नवे दालन' हा मथळा माझाच. पाहुणे आले, नारळ फुटला, छायाचित्र छापून आले. दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेलो असता समाजमंदिराच्या कपाटात कसर लागलेली लोकर आणि न विकले गेलेले स्वेटर मी पाहिले. तेथील एका बाईने मला ओळखले. ती म्हणाली, "साहेब, तुम्हीच पेपरात दिलं होतं ना? मग आता गिऱ्हाईकपण तुम्हीच आणा." मी काहीतरी पुटपुटून गाडीत बसलो. त्या वेळी मला विणता येत नव्हते; येत असते तर तो मथळा मी लिहिला नसता. कारण हिशेब सोपा आहे. अशी एक टोपी विणण्यास माझ्यासारख्याला तीस तास लागतात, सराईत हाताला वीस धरा. यंत्रावर विणलेली टोपी बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळते. माझ्या टोपीला लोकरच सत्तर रुपयांची लागली. दीडशेतून सत्तर वजा करा आणि वीस तासांनी भागा. तासाला चार रुपये. लुधियानाच्या कारखान्यांशी आपल्या भगिनींना सुया घेऊन लढायला पाठवणे हा विकास नव्हे.

हाताच्या विणकामातून कोणाला कधीच काही मिळाले नाही, असे मात्र नाही. वेणीच्या विणीचा जगात जो बोलबाला आहे तो मुख्यतः आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी असलेल्या ॲरन नावाच्या तीन छोट्या बेटांमुळे. खडकाळ जमीन, मासेमारी आणि दारिद्र्य. या बेटांतील जाड, पांढऱ्या, वेण्यांनी भरलेल्या स्वेटरांविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी आणि शेकडो वर्षांची जुनी, कोळी समुद्रात बुडाला आणि प्रेत वाहून आले तर विणीवरून त्याचे घराणे ओळखीत. कथा हृद्य आहे. परंतु ती खरी नाही. तिचे मूळ जॉन सिंज या नाटककाराच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेत आहे. तीत एक बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते. कशावरून? घराण्याच्या विणीवरून नव्हे; आपण किती टाके घातले आणि त्यांतील किती गळाले, हे तिला आठवते म्हणून. म्हणजे ती ओळखते आपल्या हाताने झालेल्या चुकीवरून. पुढे हाइन्झ एडगर कीव्ह नावाच्या ऑक्सफर्डमधील दुकानदाराने या विणीला प्राचीन धर्मचिन्हांचा वारसा जोडला आणि १९६७ साली त्यावर पुस्तकही काढले. रिचर्ड रट हे बिशप स्वतः उत्तम विणणारे. त्यांनी १९८७ च्या आपल्या इतिहासग्रंथात हा सगळा डोलारा खाली आणला. हे स्वेटर आज माहीत आहेत त्या रूपात विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमाराचे. फार जुने नव्हेत.

जाहिरात आणि माहिती यांत भेद असतो, आणि माझ्या खात्याला तो सतत ध्यानी ठेवावा लागतो. म्हणून ही कथा मला महत्त्वाची वाटते. पण तिचा दुसरा भागही आहे. १९३० साली म्यूरिएल गॅहन या बाईंनी डब्लिन शहरात 'द कंट्री शॉप' नावाचे दुकान काढले आणि खेड्यापाड्यांतील कारागिरांचा माल तेथे विक्रीस ठेवला. ॲरनच्या स्त्रियांनी विणलेले कपडे तेथे विकले जाऊ लागले. आधी दुकान, आधी गिऱ्हाईक, मग माल. क्रम हा होता. आपण बहुधा उलट्या बाजूने आरंभ करतो. ज्या पंचायतीला विणकामाचा उद्योग काढावयाचा असेल तिने प्रथम शहरात जाऊन विकत घेणारे शोधावेत, त्यांना कोणता माल व किती दराने हवा ते लिहून घ्यावे, आणि मगच लोकरीची मागणी नोंदवावी. तसे जमत नसेल तर उद्योगाचे नाव घेऊ नये.

आणि छंदाचे नाव घेण्यास संकोच करू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की विणकामाला छंद म्हणून गावात आणि शाळेत जागा द्यावी, आणि त्याच्याकडे दुसरे काही मागू नये. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात जी शिक्षण परिषद भरली, तिने हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना हस्तव्यवसाय शिकण्याचे म्हटले आहे. विचारांची परंपरा थोर आहे. व्यवहारात काय होते, ते तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. माझ्या मुलीच्या कार्यानुभवाच्या वस्तू मी स्वतः रात्री दहाला दुकान उघडायला लावून विकत आणल्या आहेत. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ते वास्तविक दुकानदाराला मिळावयास हवे होते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की या दहा दिवसांत किंवा शनिवारच्या एखाद्या तासाला सुया आणि लोकर मुलांच्या हाती द्या. मुलग्यांच्याही हाती, हे आवर्जून सांगतो. गुण देऊ नका. प्रदर्शन भरवू नका. वीतभर पट्टी झाली तरी चालेल, ती उसवली तरी चालेल. सुयांना पैसे नसतील तर बांबूच्या काड्या काचकागदाने गुळगुळीत करून घ्या. मुले त्यातच अर्धा तास रमतील. गावातील एखाद्या आजींना शिकवायला बोलवा. त्यांना खुर्ची द्या, 'बाई' म्हणा. ज्या स्त्रीला आयुष्यात कोणी काही विचारले नाही तिला साठीनंतर कोणी शिकवायला बोलावले, तर तिच्या चेहऱ्यावर काय येते ते पाहण्यासारखे असते. लहान मुलांच्या हाती टोकदार सुया देऊ नयेत, आणि मोठ्यांनी एका बैठकीत तासाभराहून अधिक विणू नये. मी उत्साहाच्या भरात सलग चार तास विणले आणि आठवडाभर मनगटाला पट्टी बांधून हिंडलो. कार्यालयात विचारले तेव्हा जिन्यावरून घसरलो असे सांगितले. आज या सभेत खरे सांगून टाकतो.

वाचन पुन्हा जमू लागले का, असे कोणी विचारील. थोडे थोडे जमते. विणून झाल्यावर दहा-पंधरा पाने होतात. बाईंना मी वाचून दाखवतो, त्या विणत असतात. हल्ली त्यांना डोळ्यांमुळे गडद रंगाची लोकर दिसत नाही. म्हणून आम्ही पांढरी आणतो. त्यांचा एक स्वेटर बाहीपाशी अडकला आहे, कारण त्यांच्या बोटांना आता बारीक सुई धरवत नाही. तो मी पुरा करावा असे त्यांनी मला गेल्या सोमवारी सांगितले. माझा हात त्यांच्याहून घट्ट आहे. बाहीवर तो फरक दिसेल. तसे मी त्यांना म्हणालो. त्या म्हणाल्या, "दिसू दे."

टोपी परत आलेली दिसते. तिसऱ्या रांगेतील गुरुजींनी बोट वर केले आहे. बरोबर, काठापासून दुसरा पीळ, शिवणीच्या डाव्या अंगाची वेणी. तेरा वेण्या डावीकडे झुकतात, ही एकटी तेथे उजवीकडे गेली आहे. टोपी शिवून झाल्यावर ती मला दिसली. बाईंनी ती विणतानाच पाहिली होती आणि मुद्दाम सांगितली नाही, हे मला पुढे कळले. वडिलांना मी ती दाखवली. आता टोपी घालताना ते तीच वेणी कपाळावर मध्यभागी आणतात.

मागच्या टेबलावर सहा जोड सुया आणि दोन रंगांची लोकर ठेवली आहे. चहाच्या सुट्टीत ज्यांना टाके घालून पाहावयाचे असतील त्यांनी यावे. सरपंचांनी आधी यावे, म्हणजे इतरांचा संकोच जाईल.